निमंत्रण की आमंत्रण? आणि तुमच्या पत्रिकेतलं बाकीचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, पत्रिकेचं प्रूफ हातात आलंय आणि त्यात ‘आग्रहाचे निमंत्रण’ असं आहे. दाजी म्हणतात, तिथे ‘आमंत्रण’च हवं. निमंत्रण श्राद्धाच्या जेवणाचं असतं, शुभकार्याला तो शब्द चालत नाही, असं त्यांनी कुठल्याशा संस्कृत ग्रंथाच्या हवाल्याने वाचलंय. तुम्ही म्हणता, आजवर घरात आलेल्या लग्नाच्या पत्रिकांवर निमंत्रणच छापलेलं होतं, मग ती सगळी लग्नं काय अशुभ झाली? हरणाऱ्याने दोन्ही घरांना मिसळ खाऊ घालायची अशी पैज लागली आहे, आणि प्रेसवाला उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे.

प्रेसवाला थांबलाय म्हणून निकाल आधी सांगतो. ‘निमंत्रण’ राहू द्या. ‘आमंत्रण’ केलंत तरी चूक होणार नाही. दोन्हींत अक्षरं चारच, त्यामुळे मांडणीही हलणार नाही. पैज बरोबरीत सुटली. पण तुम्ही प्रूफमधला सगळा मजकूर प्रश्नात उतरवलाय, तो मी सवयीने दोनदा वाचला, आणि खरी कामं दुसरीकडेच निघाली. त्यावर शेवटी येतो.

मी ३६ वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतोय. सुरुवात केली तेव्हा खिळे जुळवणारे जुळारी होते, आता फाइल मोबाइलवर येते. शब्दांवरून भांडत येणारी माणसं मात्र तशीच आहेत. जोडपी येतात, दोन विहिणी येतात, एकदा तर एका संस्थेचे अध्यक्ष आणि चिटणीस वेगवेगळ्या रिक्षांनी आले होते. माझा अनुभव असा की, वाद कुठल्या जातीचा आहे हे आधी ओळखलं तर निम्मा वेळ वाचतो.

काही वाद नुसते लेखनाचे असतात. ‘महत्व’ की ‘महत्त्व’? महत् या शब्दाला त्व जोडला की दोन त होतात. एक गाळला तर चूक, विषय संपला. तिथे ‘दोन्ही चालतं’ म्हणणारा मुद्रितशोधक कामचुकार समजावा. काही वादांत दोन्ही शब्द खरे असतात, पण त्यांच्या जागा वेगळ्या असतात. आवाहन म्हणजे विनंती करून बोलावणं आणि आव्हान म्हणजे ‘ये, बघतो तुला’. माझ्या उमेदवारीच्या काळात ‘रक्तदानाचे जाहीर आव्हान’ असा फलक माझ्या डोळ्यांखालून गेला आणि चौकात लागला. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ प्रेसमध्ये डोकावून विचारून गेले, ‘कुस्ती किती वाजता आहे?’ त्यानंतर ‘आव्ह’ दिसलं की माझी पेन्सिल आपोआप थांबते.

तुमचा वाद या दोन्हींतला नाही. इथे शब्द दोन, दोन्ही शुद्ध, अर्थ जवळजवळ एकच, आणि मागे एक जुना नियम उभा. असा नियम कुणाच्या तरी वाचनात येतो आणि घरात भांडण लागतं. म्हणून तो नियम नीट पाहू.

दाजींनी वाचलं ते हवेतलं नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायात एक सूत्र आहे (३.३.१६१). त्यात क्रियापदाचं एक विशिष्ट रूप कुठल्या कुठल्या अर्थी वापरायचं ते सांगताना विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न, प्रार्थना अशी यादी येते. पाणिनीसारखा मोजून मापून अक्षर वापरणारा माणूस दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितो, तेव्हा टीकाकारांना फरक सांगणं भाग पडतं. तो त्यांनी सांगितला: निमंत्रण म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही ते बोलावणं, आणि आमंत्रण म्हणजे यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं बोलावणं. पुढे सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत निमंत्रणाचा दाखला दिला तो श्राद्धाच्या जेवणाचा. मुलीच्या मुलाला, म्हणजे दौहित्राला, श्राद्धाला जेवायला बोलावणं. नातू आजोबांच्या श्राद्धाला ‘जमलं तर येतो’ म्हणू शकत नाही, म्हणून ते निमंत्रण.

आता ‘श्राद्ध’ हा शब्द तिथे कसा आला ते लक्षात घ्या. तो बंधनाचा नमुना म्हणून आला, आणि त्याला ‘आदि’ जोडलेलं आहे, म्हणजे श्राद्ध वगैरे. शुभ-अशुभाचा मुद्दा तिथे मुळीच नाही. मधल्या कुणीतरी फक्त दाखला उचलला आणि त्याचाच नियम केला. व्याकरणातले दाखले असे सुटे फिरायला लागले की घात करतात.

गंमत म्हणजे तो जुना अर्थ धरला तर तुमच्या पत्रिकेला निमंत्रणच जास्त शोभतं. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन हा काही जमलं तर यायचा समारंभ नाही. जावयाच्या बाबतीत तर नाहीच. हे दाजींना माझ्या नावावर सांगा.

तरीही मी तुम्हाला जिंकलात असं म्हणत नाही, कारण हा भेद संस्कृत व्याकरणाचा आहे. मराठीने हे दोन्ही शब्द घेतले, भेद घेतला नाही. मला हे कशावरून कळतं? लोक शब्द वापरतात कसे ते पाहून. साहित्य संमेलनात ‘निमंत्रितांचे कविसंमेलन’ असतं. त्यातल्या कवींवर यायची सक्ती नसते, उलट बोलावलं नाही म्हणून रुसणारेच जास्त. समितीची बैठक बोलावतो तो निमंत्रक. ‘आमंत्रक’ मी एवढ्या वर्षांत एकदाही दुरुस्त केलेला नाही, कारण कुणी लिहीतच नाही. उलट आजाराला, संकटाला, भांडणाला आपण ‘आमंत्रण’ देतो. तिथे ‘निमंत्रण’ही कधी कधी वाचायला मिळतं, पण माझ्या कानाला आमंत्रणच बरं वाटतं. यात नियम शोधू नका, ही वहिवाट आहे. कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे वापरून वापरून ठरलेलं असतं. ‘आग्रहाचे’ या शब्दाशेजारी पत्रिकांवर पिढ्यान् पिढ्या ‘निमंत्रण’ बसत आलंय, म्हणून ते तिथेच राहू द्या म्हटलं.

मोबाइलवर आणखी एक खुलासा फिरत असतो: वेळ आणि जागा ठरलेली असेल तर निमंत्रण, केव्हाही या म्हटलं तर आमंत्रण. तुमच्या घरातल्या गटावर तो आला नसेल तर उद्यापर्यंत येईल. जुन्या भेदाची ती फार पातळ झालेली प्रत आहे. आमंत्रण पत्रिकांवरही वेळ आणि स्थळ छापलेलं असतंच. तो खुलासा बाजूला ठेवा.

मला खरी मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नाही म्हणता न येणारं बोलावणं आणि मर्जीचं बोलावणं, हा फरक मराठीने टाकून दिलेला नाही. तो आपण घरगुती शब्दांत ठेवला.

श्रावणात शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा आणि सवाष्ण जेवायला. गुरुवारी संध्याकाळी आई मला शेजारच्या वाड्यात पाठवायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा परत येऊन म्हणालो, ‘काकूंना बोलावलं.’ आईने पोळपाटावरून मान वर करून विचारलं, ‘बोलावलंस की सांगितलंस?’ मला फरक कळेना. तिने हात धुतले आणि स्वतः जाऊन आली. मोठा झाल्यावर कळलं. सवाष्ण ‘सांगतात’, ब्राह्मण ‘सांगतात’. एकदा सांगितलं की ते पान त्या माणसाचं. जमणार नसेल तर तिथल्या तिथे तसं म्हणायचं, म्हणजे दुसरीकडे सांगायला वेळ मिळतो. हळदीकुंकवाला मात्र ‘बोलावतात’. आलात तर आनंद, नाही आलात तर वाण घरी पोचतं. टीकाकारांनी निमंत्रण आणि आमंत्रण यांत जो फरक केला, तोच हा. माझ्या आईने अष्टाध्यायी ऐकलीही नव्हती.

खेड्यांत याच्या आणखी छटा आहेत. ‘चूलबंद आवतण’ म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे जेवायला. नुसतं ‘आवतण’ म्हणजे घरटी एखादा माणूस गेला तरी भागतं. हा आवतण शब्द म्हणजे आपल्या ‘आमंत्रण’चंच झिजलेलं रूप. तिकडे हिंदीत ‘न्योता’ झाला तो निमंत्रणाचा. म्हणजे तुम्ही आणि दाजी ज्यावरून पैज लावून बसलात, त्याचा एक धागा आपल्या खेड्यात गेला आणि एक उत्तरेला.

आवतणावरून मी एकदा चांगला तोंडघशी पडलोय. तिशीही ओलांडली नव्हती, शुद्धलेखनाची खुमखुमी होती. एका ग्रामीण कथेच्या प्रूफमध्ये म्हातारी सुनेला म्हणते, ‘पाटलाच्या घरला आवतण हाय.’ मी ‘हाय’ला हात लावला नाही, बोली म्हणून सोडला, पण आवतण खोडून आमंत्रण केलं. कारण काय, तर तो शब्द मला अशुद्ध वाटला. लेखक दुसऱ्या दिवशी प्रूफ घेऊन आले. रागावले नाहीत. समोर बसून चहा घेतला आणि म्हणाले, ‘तुमच्या म्हातारीला एकदा आमंत्रण म्हणून दाखवायला सांगा, दात नाहीत तिला.’ त्या दिवसापासून खोडण्याआधी मी स्वतःला विचारतो की हा शब्द चुकलाय, की फक्त माझ्या ओळखीचा नाही.

अर्थात काही ठिकाणी मी तुमच्या पत्रिकेपेक्षा वेगळा निर्णय देईन. एखाद्या पुस्तकात धर्मशास्त्राची किंवा व्याकरणाची चर्चा चालू असेल, तर तिथे निमंत्रण आणि आमंत्रण यांची अदलाबदल मी होऊ देणार नाही, कारण तिथे ते पारिभाषिक शब्द आहेत. तुमच्या घराण्यात आजोबांपासून ‘आमंत्रण पत्रिका’ असंच छापत आले असतील, तर मी तेही बदलणार नाही. आणि पाकिटावर एक, आत दुसरा असं मात्र करू नका. चूक म्हणून नाही, पण पाहणाऱ्याला ती घाई वाटते.

आता तुमच्या प्रूफकडे. निमंत्रणाच्या बरोबर वरच्या ओळीत, सोनेरी ठसठशीत अक्षरांत, ‘सहस्त्रचंद्रदर्शन सोहळा’ असं आहे. ते ‘सहस्र’ हवं. स आणि र, मध्ये त नाही. हा पहिल्या जातीचा वाद, इथे तडजोड नाही.

ही चूक का होते हे सांगतो, म्हणजे पुन्हा होणार नाही. ‘स’वरून ‘र’वर जाताना जीभ दातांपाशी क्षणभर टेकते आणि एक त आपोआप निसटतो. त्यात वस्त्र, शस्त्र, शास्त्र हे शब्द आपल्या रोजच्या नजरेतले. त्यांच्यात त खराखुरा आहे: वस् म्हणजे नेसणं, त्याला साधन दाखवणारा त्र लागून वस्त्र. सहस्रात तसं काही नाही. हिंस्र, अजस्र, स्रोत, स्राव यांतही नाही. स्रोत आणि स्राव ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूपासून आले, वाहण्यात त कुठून येणार? तरी पटत नसेल तर फारसीकडे बघा. आपला ‘हजार’ तिथून आला, आणि हजार व सहस्र हे एकाच जुन्या शब्दाचे दोन वंशज. ‘स’चा तिकडे ‘ह’ झाला, बाकी बदल झाले, पण त तिथेही नाही. ओळखीत कुणी सहस्रबुद्धे असतील तर त्यांना विचारा, आयुष्यभर लोकांच्या पाकिटांवरचा त काढून काढून ते थकलेले असतात. पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याचं नावही पुष्कळदा त घालून लिहिलेलं दिसतं, त्यामुळे ‘बोर्डावर तसंच आहे’ हा पुरावा माझ्यापुढे चालत नाही.

पत्रिकेत तुम्ही ‘१००० पौर्णिमा पाहिलेले आमचे वडील’ असं लिहिलंय, ते छान आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजारांना साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. वडिलांचं वय तुम्ही ८१ दिलंय, हिशेब जुळतो.

पुढची ओळ, ‘अल्पोपहार : सकाळी ९’. इथे मी ‘अल्पोपाहार’ करेन. उपहार म्हणजे भेट, नजराणा. उपाहार म्हणजे उप अधिक आहार, मुख्य जेवणाच्या अलीकडचं खाणं. त्याच्याआधी अल्प लागला की अल्पोपाहार. ही चूक सहस्त्राइतकी ढोबळ नाही, दोन्ही शब्द एकाच ‘हृ’ धातूपासून निघालेले आणि मध्ये एका ‘आ’चं अंतर. ‘उपहारगृह’ अशा पाट्या इतक्या ठिकाणी आहेत की नवीन माणसाला उपाहारगृहच चुकीचं वाटतं. पण पत्रिकेवर ‘अल्प उपहार’ म्हणजे ‘छोटीशी भेट मिळेल’ असा अर्थ काढणारा एखादा मास्तर पाहुण्यांत असतोच, आणि तो नेमका पहिल्या पंगतीला बसतो. मलाही या शब्दाचा कंटाळा आहे. ‘अल्पाहार’ लिहा, नाहीतर सरळ ‘चहा-फराळ’ लिहा. शब्दावरून घरात दोन तट पडत असतील तर तिसरा शब्द शोधणं हा माझा जुना उपाय आहे.

शेवटी ‘आपले विनित’. नी दीर्घ: विनीत. मूळ धातू नी, ज्याच्यापासून नीती आणि विनय आले. आलेला संस्कृत शब्द मधल्या अक्षरांत मूळचा ऱ्हस्व-दीर्घ ठेवतो. आशीर्वादातला शी दीर्घ आहे, तो तुम्ही बरोबर लिहिलात. बहुतेक लोक तिथेच घसरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. ‘सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे’ ही ओळ तर मला फार आवडली. हल्ली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ वाचून वाचून डोळे शिणतात. आणि बघा, ‘यावे’ हे आपलं विध्यर्थाचं रूप. आज्ञा, आग्रह, विनंती, सगळं त्यात सामावतं. पाणिनीच्या त्या सूत्रातली अख्खी यादी तुमच्या एका ‘यावे’मध्ये बसली आहे.

म्हणजे प्रेसवाल्याला द्यायच्या दुरुस्त्या तीन: सहस्र, अल्पाहार, विनीत. निमंत्रणाला हात लावायचा नाही. मिसळीचं म्हणाल तर ‘सहस्त्र’ तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटला, तेव्हा बिल निम्मं निम्मं करा.

आणि एक राहिलंच. प्रूफवर ‘रविवार, दि. १४ फेब्रुवारी २०२६’ असं आहे. १४ तारखेला शनिवार येतो, रविवार १५ तारखेला. प्रेसवाल्याला फोन करायच्या आधी मंगल कार्यालयाची पावती काढा आणि हॉल कुठल्या तारखेचा घेतलाय ते बघा.